पॉल ब्रोका : वाणीच्या स्थानाचा शोध

पॅरिस शहराच्या दक्षिणेस बिसेत्र नावाचे एक जुने रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकात वृद्ध, निराधार, अपंग आणि मनोरुग्ण पुरुषांचे ते आश्रयस्थान होते. १८४० च्या सुमारास तिशीतला एक कारागीर तेथे दाखल झाला. लहानपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत असत. तरीही जोड्यांचे लाकडी कलबूत घडवण्याचा व्यवसाय तो व्यवस्थित करीत असे. आता मात्र त्याची वाचा गेली होती. कोणी काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून 'तान' एवढा एकच ध्वनी, बहुधा दोनदा, बाहेर पडे. त्याचे आडनाव लबॉर्न. पण रुग्णालयात सर्वजण त्याला 'तान' याच नावाने ओळखू लागले.

तान मूक नव्हता आणि मतिमंदही नव्हता. त्याला ऐकू येत असे, बोललेले बहुतेक सारे समजत असे. उत्तर देताना तो आवाजाचे चढउतार करी, हातवारे करी आणि समोरच्याला आपले म्हणणे कळले नाही की विलक्षण संतापे. गंमत अशी की, संतापाच्या भरात त्याच्या तोंडून एक पूर्ण शिवी स्पष्टपणे बाहेर पडत असे. शांत झाल्यावर मात्र तेच शब्द त्याला पुन्हा उच्चारता येत नसत. रुग्णालयातील इतर लोक त्याला भांडखोर व स्वार्थी समजत. आपल्या मनात आहे ते सांगता येत नाही, या यातनेचा त्या स्वभावाशी काही संबंध असेल, हा विचार फारसा कोणाच्या मनात आला नसावा. दहा वर्षांनंतर त्याचा उजवा हात लुळा पडत गेला, मग उजवा पायही. अखेरची सात वर्षे तो अंथरुणालाच खिळून होता. एप्रिल १८६१ मध्ये त्या लुळ्या पायाला मोठा जंतुसंसर्ग झाला आणि त्याला शस्त्रक्रिया विभागात हलवण्यात आले. त्या विभागाचे प्रमुख होते डॉ. पॉल ब्रोका.

पॉल ब्रोका यांचा जन्म २८ जून १८२४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील सेंत-फुआ-ला-ग्रांद या लहानशा गावी झाला. बोर्दो शहरापासून हे गाव फार दूर नाही. घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे होते. कॅथलिक बहुसंख्य असलेल्या फ्रान्समध्ये या पंथाच्या लोकांनी पूर्वीच्या काळी पुष्कळ छळ सोसला होता, त्यामुळे स्वतंत्र विचारांची परंपरा घरातच होती. वडील डॉक्टर होते आणि त्यांनी नेपोलियनच्या सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून काम केले होते. पॉल असामान्य बुद्धीचा मुलगा होता. सतराव्या वर्षी त्याने पॅरिसच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश मिळवला आणि ज्या वयात त्याचे बरोबरीचे विद्यार्थी शिक्षणाची सुरुवात करीत, त्या वयात, म्हणजे विसाव्या वर्षी, तो पदवीधर झाला.

पुढील पंधरा वर्षांत ब्रोका यांनी शल्यविशारद आणि शरीरविकृतीचे अभ्यासक म्हणून लौकिक मिळवला. कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिन्यांतून पसरतात, मुडदूस हा पोषणाशी निगडित आजार आहे, स्नायूंचा ऱ्हास हा स्नायूंचाच रोग असू शकतो, अशा अनेक बाबी त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अभ्यासल्या. १८५७ मध्ये त्यांचा विवाह ऑगस्टीन लुगोल यांच्याशी झाला. ज्यांच्या नावाचे आयोडीनचे द्रावण आजही प्रयोगशाळांत वापरले जाते, त्या डॉ. लुगोल यांच्या त्या कन्या होत. ब्रोका दांपत्याला दोन मुलगे व एक मुलगी झाली. दोन्ही मुलगे पुढे वैद्यकशाखेतच नावारूपाला आले.

केवळ शरीराचे आजार बरे करण्यात ब्रोका यांचे मन रमत नव्हते. माणूस म्हणजे काय, त्याच्यातील विविधता कशी निर्माण झाली, हे प्रश्न त्यांना खुणावत होते. १८५८ मध्ये त्यांनी ससा आणि त्याच्या जवळची रानटी जात यांच्या संकराविषयी एक निबंध जीवशास्त्र सभेपुढे वाचण्यास आरंभ केला. जातींच्या स्थिरतेविषयी शंका घेणारा हा विषय सभेच्या अध्यक्षांना धोक्याचा वाटला आणि त्यांनी ब्रोका यांना थांबण्यास सुचवले. ब्रोका यांनी वाद घातला नाही. एकोणीस सदस्य जमवून मे १८५९ मध्ये त्यांनी पॅरिसची मानवशास्त्र संस्था स्थापन केली. त्या वेळी फ्रान्सवर सम्राट तिसऱ्या नेपोलियनची सत्ता होती आणि विचारवंतांच्या मेळाव्याकडे सरकार संशयाने पाहत असे. संस्थेला परवानगी मिळाली ती एका अटीवर. प्रत्येक बैठकीस एक पोलीस अधिकारी साध्या वेषात हजर राहील आणि समाज, धर्म किंवा सरकार यांच्याविरुद्ध काही बोलले गेल्यास त्याला ब्रोका व्यक्तिशः जबाबदार राहतील. त्या अधिकाऱ्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. कवट्यांच्या मापांची नीरस चर्चा ऐकून तो इतका कंटाळला की, एके दिवशी त्याने जरा फिरून येण्याची परवानगी मागितली. आपल्या कामाचा पगार आपण बसूनच मिळवला पाहिजे, असे सुचवून ब्रोका यांनी त्याला जागेवरून हलू दिले नाही.

याच संस्थेच्या बैठकीत १८६१ च्या वसंत ऋतूत एक वाद रंगला. त्या वादाचे मूळ अर्धशतक मागे जाते. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांकडे वेगवेगळी कामे सोपवलेली असतात, असे फ्रांत्स गाल या जर्मन वैद्याने प्रतिपादन केले होते. पण त्याने या कल्पनेला कवटीवरील उंचवटे चाचपून स्वभाव ओळखण्याची जोड दिली आणि ती शास्त्रज्ञांच्या उपहासाचा विषय झाली. दुसऱ्या बाजूला फ्लुरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्राण्यांवर प्रयोग करून मोठा मेंदू सर्वत्र एकसारखे काम करतो, असा निष्कर्ष काढला होता. हे मत विद्यापीठांत मान्यता पावले. जाँ-बातिस्त बुइयो नावाचे एक ज्येष्ठ डॉक्टर मात्र वाणीचे केंद्र मेंदूच्या पुढच्या भागात आहे, हे १८२५ पासून निर्धाराने सांगत होते. आपले म्हणणे खोटे ठरवणारा रुग्ण दाखवून देणाऱ्यास त्यांनी ५०० फ्रँकचे बक्षीसही जाहीर केले होते.

मानवशास्त्र संस्थेत बुइयो यांची बाजू त्यांचे जावई एर्नेस्त ओबुर्तां यांनी मांडली. त्यांच्याजवळ एक विलक्षण अनुभव होता. आत्महत्येच्या प्रयत्नात कपाळाचे हाड उडालेला एक रुग्ण रुग्णालयात आणला गेला होता आणि त्याच्या मेंदूचा पुढील भाग उघडा पडला होता. तो बोलत असताना त्या भागावर पट्टीने हलका दाब दिला की, त्याचा शब्द अर्ध्यावर तुटे. दाब काढताच बोलणे पुन्हा सुरू होई. ओबुर्तां यांनी आव्हान दिले की, वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूचा अग्रखंड शाबूत आढळला, तर आपण आपले मत सोडून देऊ.

ब्रोका या वादात तटस्थ होते. काही दिवसांतच तान त्यांच्या विभागात आला. त्यांनी ओबुर्तां यांना बोलावून घेतले आणि हा रुग्ण त्यांच्या आव्हानाला उतरतो की नाही, हे त्यांच्याकडूनच ठरवून घेतले. परिणाम समोर येण्यापूर्वीच कसोटी निश्चित करण्याची ही काळजी ब्रोका यांच्या स्वभावाची खूण होती.

मृत्यू जवळ आलेला हा रुग्ण किती समजू शकतो, याची परीक्षा ब्रोका यांनी बारकाईने घेतली. आपण किती वर्षे बिसेत्रमध्ये आहोत, असे विचारताच तानने डाव्या हाताची पाची बोटे चार वेळा उघडली आणि मग एक बोट दाखवले. एकवीस वर्षे हे उत्तर अचूक होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न केला. तेच उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा आपली परीक्षा घेतली जात आहे हे ओळखून तान चिडला आणि त्याच्या तोंडून ती नेहमीची शिवी बाहेर पडली. घड्याळ दाखवले तर तो वेळही ओळखू शकत होता. त्याचे ओठ, जीभ व घसा यांत बोलण्यास अडथळा करील असा दोष नव्हता. अर्थ समजणे आणि शब्द उच्चारणे ही दोन कामे एकच नसावीत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

१७ एप्रिल १८६१ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तान मरण पावला. दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी त्याचा मेंदू संस्थेच्या बैठकीत सादर केला. डाव्या गोलार्धाच्या अग्रखंडात कोंबडीचे अंडे मावेल एवढी पोकळी पडली होती. हा विकार आसपास बराच पसरलेला होता. परंतु तो कोठून सुरू झाला असावा याचा विचार करून ब्रोका यांनी अग्रखंडातील तिसऱ्या वळीकडे बोट दाखवले. या रोगाचा प्रवास आणि रुग्णाच्या लक्षणांचा इतिहास त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिला. प्रथम केवळ वाचा गेली, त्यानंतर दहा वर्षांनी हातपाय दुबळे झाले. याचा अर्थ, वाणीवर आघात करणारी इजा सर्वांत जुनी होती आणि ती त्या तिसऱ्या वळीतच असावी.

एका रुग्णावरून नियम सिद्ध होत नाही, हे ब्रोका जाणून होते. त्याच वर्षी शरद ऋतूत ललाँ नावाचा चौऱ्याऐंशी वर्षांचा वृद्ध त्यांच्याकडे आला. वर्षापूर्वी आलेल्या झटक्यानंतर त्याच्याजवळ अवघे पाच शब्द उरले होते. होकार, नकार, 'नेहमी' या अर्थाचा एक शब्द, स्वतःच्या नावाचा अपभ्रंश आणि सर्व संख्यांसाठी 'तीन' या शब्दाचा अपभ्रंश, एवढाच त्याचा शब्दसंग्रह. मुले किती, असे विचारल्यावर तो तोंडाने तीन म्हणे आणि बोटे चार दाखवी. मुलगे किती, तर तोंडाने पुन्हा तीन आणि बोटे दोन. कोणता व्यवसाय करीत होतास, असे विचारताच त्याने फावडे धरून माती उपसण्याचा अभिनय करून दाखवला. तो खरोखरच खोदकाम करणारा मजूर होता. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली. इजा लहान होती, परंतु ती जवळजवळ त्याच जागी होती. या योगायोगाने खुद्द ब्रोका चकित झाले.

यानंतर त्यांनी घाई केली नाही. रुग्ण येत गेले, नोंदी होत गेल्या. १८६३ पर्यंत आठ रुग्णांच्या नोंदी जमल्या आणि सर्वांच्या इजा डाव्याच बाजूला आढळल्या. दोन्ही गोलार्ध दिसायला सारखे असताना वाणीने एकाच बाजूचा आश्रय घ्यावा, ही गोष्ट त्या काळच्या शास्त्राला न पटणारी होती. निसर्गात डावे-उजवे समान असते, असा तेव्हा दृढ समज होता. ब्रोका यांनी आपले मत १८६५ मध्ये प्रसिद्ध केले. आपण बहुतेक जण मेंदूच्या डाव्या गोलार्धाने बोलतो, असे त्यांनी मांडले. मात्र उजवा गोलार्धही शिकवला तर हे काम काही अंशी उचलू शकेल, ही शक्यता त्यांनी खुली ठेवली. झटक्यानंतर वाचा गमावलेल्यांना पुन्हा शब्द शिकवण्याचे जे प्रयत्न पुढे झाले, त्यांची दिशा या विचारात दिसते.

या शोधाच्या श्रेयावरून वाद झाला, हे सांगितले पाहिजे. मार्क दाक्स नावाच्या दक्षिण फ्रान्समधील एका डॉक्टराने १८३६ मध्येच आपल्या रुग्णांवरून डाव्या गोलार्धाविषयी असाच निष्कर्ष काढला होता, असे त्याच्या मुलाचे म्हणणे होते. वडिलांचा तो लेख मुलाने १८६३ मध्ये पॅरिसला पाठवला आणि तो १८६५ मध्ये छापून आला. ब्रोका यांना त्या लेखाची पूर्वकल्पना असल्याचे दिसत नाही. नावाबाबतही ब्रोका यांचा आग्रह टिकला नाही. त्यांनी या विकाराला एक ग्रीक नाव दिले होते. त्रूसो या प्रसिद्ध डॉक्टरांनी १८६४ मध्ये दुसरे सुचवले आणि जगभर तेच, अफेजिया म्हणून, रूढ झाले. मराठीत त्याला वाचाघात म्हणतात. अग्रखंडातील त्या वळीला मात्र ब्रोका यांचेच नाव लाभले.

१८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निक यांनी दुसरी बाजू उजेडात आणली. त्यांच्या काही रुग्णांचे बोलणे ओघवते होते, पण त्यात अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना उमगत नसे. त्यांच्या मेंदूतील इजा कानाच्या बाजूच्या खंडात, मागील भागात होती. शब्द ऐकणे, त्याचा अर्थ लावणे, उत्तर रचणे आणि ते उच्चारणे, यांसाठी मेंदूतील अनेक ठिकाणे तंतूंच्या जाळ्याने जोडलेली असतात, ही कल्पना येथून आकार घेऊ लागली. तानची शिवीही या चौकटीत समजते. विचारपूर्वक रचलेले वाक्य आणि भावनेच्या भरात आपोआप निघालेला उद्गार यांचे मार्ग सर्वस्वी एक नाहीत. वाचाघाताच्या काही रुग्णांना साधे वाक्य बोलता येत नाही, पण पाठ असलेले गाणे म्हणता येते, असा अनुभव आजही डॉक्टरांना येतो.

ब्रोका यांची जिज्ञासा एका विषयात मावत नव्हती. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातून आणलेली एक प्राचीन कवटी १८६७ मध्ये त्यांच्यासमोर आली. तिला चौकोनी छिद्र पाडलेले होते. छिद्राच्या कडांवरील हाडाची स्थिती पाहून, ही शस्त्रक्रिया जिवंत माणसावर झाली होती आणि तो त्यानंतर काही दिवस जगला होता, असे त्यांनी दाखवून दिले. विचार करताना मेंदूचा कोणता भाग अधिक काम करतो हे जाणण्यासाठी त्यांनी डोक्याभोवती तापमापकांचा मुकुट बसवून पाहिला. १८७८ मध्ये त्यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या आतील कडेवरील एका मोठ्या पट्ट्याचे वर्णन केले. त्यांचा रोख मुख्यतः गंधज्ञानाकडे होता; पुढे विसाव्या शतकात भीती, राग, आठवण यांसारख्या प्रतिक्रियांशी या भागाचा निकट संबंध असल्याचे अभ्यासकांना दिसून आले.

या तेजस्वी जीवनाला एक काळी किनार आहे. मेंदूचे आकारमान आणि बुद्धी यांचा सरळ संबंध आहे, अशी ब्रोका यांची समजूत होती. त्यांनी शेकडो कवट्या मोजल्या, त्यासाठी नवी उपकरणे तयार केली आणि त्या मापांच्या आधारे स्त्रिया व युरोपाबाहेरील वंश बुद्धीने कमी आहेत, असे निष्कर्ष काढले. गुलामगिरीचा ते निषेध करीत. मोजमाप ते प्रामाणिकपणे करीत, परंतु आकडे अपेक्षेविरुद्ध गेले की त्यांना नवे स्पष्टीकरण सापडे आणि अनुकूल गेले की स्पष्टीकरणाची गरज भासत नसे. वाणीच्या प्रश्नात जी कसोटी त्यांनी आधी ठरवून घेतली होती, तशी या प्रश्नात त्यांनी स्वतःला लावली नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन गूल्ड यांनी १९८१ मध्ये या मोजमापांची सविस्तर चिकित्सा केली. मेंदूच्या वजनावरून माणसांची प्रतवारी लावणे आज कोणताही शास्त्रज्ञ मान्य करीत नाही.

१८८० मध्ये ब्रोका फ्रान्सच्या सिनेटचे आजीव सदस्य निवडले गेले. त्याच वर्षी जुलै महिन्यात, वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे अकस्मात निधन झाले. त्यांचा स्वतःचा मेंदूही अभ्यासासाठी जतन करण्यात आला. त्याचे वजन १४२४ ग्रॅम भरले, म्हणजे सर्वसामान्य माणसाच्या मेंदूपेक्षा किंचित अधिक. पॅरिसच्या मानव संग्रहालयात एका बरणीत ठेवलेला हा मेंदू पाहून खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी त्याविषयी लिहिले आणि १९७९ मधील आपल्या पुस्तकाला ब्रोका यांच्या मेंदूचेच नाव दिले.

तानचा मेंदू ब्रोका यांनी चिरला नव्हता. पुढील पिढ्यांना तो पाहता यावा म्हणून त्यांनी तो अखंड ठेवला आणि पॅरिसच्या द्युपुइत्राँ संग्रहालयाच्या स्वाधीन केला. हे संग्रहालय २०१६ मध्ये बंद झाले तेव्हा तेथील संग्रह पॅरिसमधील विद्यापीठाच्या दुसऱ्या वास्तूत हलवण्यात आला. या दूरदृष्टीमुळे २००७ मध्ये अमेरिकन व फ्रेंच संशोधकांना तान आणि ललाँ या दोघांच्याही मेंदूंची चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा घेता आली. ब्रोका यांना बाहेरून जेवढी दिसली होती त्यापेक्षा इजा खूप खोलवर गेली होती. मेंदूच्या पुढच्या व मागच्या भागांना जोडणारे तंतूही तिने तोडले होते. वाणी एकाच वळीत नांदत नाही, तर त्या वळीसह पसरलेल्या जाळ्यात नांदते, याला त्यामुळे दुजोरा मिळाला.

इतके होऊनही जगातील सर्वांत प्रसिद्ध रुग्णांपैकी एक असलेल्या या माणसाचे पूर्ण नाव दीड शतकभर वैद्यकीय ग्रंथांत नव्हते. पोलंडमधील एका संशोधकाने जुनी दप्तरे धुंडाळून ते शोधले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. लुई व्हिक्टर लबॉर्न, जन्म १८०९, गाव मोरे. त्याचे वडील शाळेत शिक्षक होते.